माळकरी ड्रायव्हरची झोप

ती घटना आठवली की आजही मी आधी एक लांब श्वास सोडतो आणि मगच पुढचं बोलतो. बायको म्हणते, "झालं, निघाली तुमची जीप!" तिला सगळी हकीकत तोंडपाठ आहे. पण सुटलो बुवा एकदाचे, असं ज्या केसच्या शेवटी मनापासून वाटलं अशा केसेस माझ्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि ही त्यांत सगळ्यात वरची. नावं कोणाचीच देत नाही. वस्ती लहान आहे आणि माणसं रोज एकमेकांची तोंडं बघतात.

निवृत्तीआधीचं माझं शेवटचं ठाणं माण तालुक्यात होतं. "पाऊस कमी, काम कमी," असं आधीचे साहेब चार्ज देताना म्हणाले होते. पावसाचं खरं निघालं. कामाचं म्हणाल तर बांधावरून डोकी फुटत, शेळ्या चोरीला जात, आणि यात्रेच्या दिवसांत मुंबईकर मंडळी गावी आली की जुनी भांडणं नव्यानं उकरली जात.

त्या दिवशी सकाळची हजेरी चालू होती. ठाणे अंमलदारानं फोन उचलला, थोडं ऐकलं आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "सर, मेंढपाळ आहे कोणी. फार तापलाय. मोठ्या सायबाशीच बोलणार म्हणतो."

"सायेब, शाळंची जीप माझ्या मेंढरात घातली त्या मुडद्यानं!" पलीकडून म्हातारा ओरडत होता. "कोकरं मेली माझी. कोकरांचं ऱ्हाऊ द्या, गाडीत वस्तीवरच्या पोरी हायती. त्यो ढोसून गाडी चालीवतोय. उद्या पोरी मारंल, मग बसा पंचनामा करत!"

"वास आला का दारूचा?"

"वास कशाला घिऊ मी? डोळं मिटल्यालं दिसत हुतं मला लांबनं!"

हजेरी तशीच टाकून मी हवालदारांना घेऊन निघालो. हे हवालदार नोकरीला माझ्याच बरोबरीचे, तोंडाला फटकळ आणि कामाला पक्के. जीप शाळेच्या फाटकाशी उभी होती. पोरी वर्गात गेल्या होत्या. कुणाच्या कपाळाला टेंगूळ, कुणाचा कोपर खरचटलेला, याहून जास्त काही झालं नव्हतं. ड्रायव्हर मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून गाढ झोपलेला. चाळिशीचा गडी, पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. हलवून जागा केला तर "पोरी उतरल्या का?" एवढंच जड जिभेनं बोलला आणि परत डोळे मिटले.

श्वास तपासायचं यंत्र त्याच्या तोंडाला लावलं. शून्य. परत फुंकायला लावलं, परत शून्य. हवालदारांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "सर, माळ बघून यंत्र पण पाया पडलं वाटतं याच्या."

त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी लिहून दिलं: चाल अडखळती, बोलणं जड, दारूचा वास नाही. रक्तातली साखरही तपासली, ती बरोबर होती. रक्त आणि लघवीचे नमुने सीलबंद करून पुण्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवले. तिथला अहवाल कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. निष्काळजीपणे वाहन चालवण्याचा आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा दाखल केला. हे कलम दारूपुरतंच आहे अशी लोकांची समजूत असते. तसं नाही. कोणत्याही नशेच्या पदार्थाच्या अमलाखाली गाडी हाकली तरी ते लागतं. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे नोटीस देऊन त्याला सोडलं. जीप आवारात लावून घेतली.

दुपार कलायच्या आत निम्मी वस्ती ठाण्यात हजर. आरोपीच्या बाजूनं माणसं येतात ती बहुधा दम द्यायला नाहीतर गयावया करायला. हे लोक माझ्यावर चिडलेले होते.

"आवं सायेब, त्यो माळकरी हाय. देवमाणूस! दारूच्या दुकानाकडं मान वळवून बघत न्हाई."

"मग झोपतो कसा गाडीत?"

"थकत आसंल गडी."

त्यांच्यातली एक बाई पदर खोचून पुढे आली. तिच्या दोन मुली त्या जीपनं जात. "सायेब, जीप अडकवून ठेवल्यासा तर आमच्या पोरी घरात बसणार बघा. यस्टी येत न्हाई वस्तीवर. आन पोरगी एकदा घरात बसली का तिचा बाप लगीनच बघतो."

तिचा नवरा शेजारीच उभा होता. त्यानं नजर दुसरीकडे वळवली, म्हणजे बाई खरं बोलत होती. शेवटी वस्तीवरच्या एका माजी सैनिकानं पुढे होऊन सांगितलं, "तोवर मी चालवतो, सर. जबाबदारी माझी." रीतसर हमी घेऊन जीप त्याच्या ताब्यात दिली. पण त्या सैनिकाला महिन्याभरानं पुण्याला सुरक्षारक्षकाच्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. तेवढीच मुदत आमच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात पोचतोय न पोचतोय तोच ड्रायव्हर दारात. मी बोलावलं नव्हतं.

"सायेब, मला हितंच बसवून ठेवा," तो म्हणाला. "पर मला काय हुतंय ते हुडका. माझी सोताची पोरगी माझ्या शेजारी बसती गाडीत. मागल्या आठवड्यात तिनं चिमटा काढला मला. म्हनली, आबा, जागं हायसा का? तवापासनं ती सगळ्या वाटंनं माझ्यासंगं बोलत ऱ्हाती. गप बसत न्हाई. मला झोप लागंल म्हनून."

गुन्हेगाराचं रडणं मी खूप पाहिलंय आणि त्यातलं निम्मं नाटक असतं. हा रडत नव्हता. भेदरला होता. पोटच्या पोरीला आपल्याच गाडीत जीव मुठीत धरून बसावं लागतं, या विचारानं त्याला घाम फुटला होता. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा तेव्हा वाईट वाटलं.

तरी चौकशी ती चौकशी. खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारायला सुरुवात केली. गांजा? "न्हाई सायेब." भांग? "शिवरात्रीला बी न्हाई." खोकल्याचं औषध, अंगदुखीच्या गोळ्या? लांब पल्ल्याचे ड्रायव्हर काय काय गिळतात हे मला ठाऊक होतं. "चहा बी बिनसाखरेचा पितो सायेब."

"साखरेचा इथं काय संबंध?"

"न्हाई, सांगितलं आपलं."

हवालदार खिडकीकडे तोंड करून हसले.

मग त्यानं आपली सगळी कहाणी सांगितली. तरुणपणी मुंबईला बाजारात हमाली करायचा. तिथं दारू लागली ती अशी की पगार झाला त्याच दिवशी संपायचा. गावी परतला तो रिकामा. बायकोनं मेंढरं राखून घर चालवलं. मग एका चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेत त्यानं महादेवापुढे हात जोडून दारू सोडल्याची शपथ घेतली आणि पुढे माळ घातली. त्याला दोन वर्षं झाली होती. जुनी जीप घेतली, परवाना काढला, पोरी शाळेत सोडायला लागला. "आयुष्यात म्या येकच काम धडाचं केलंय सायेब," तो म्हणाला. "दारू सोडली. बाकी समदा आनंदच."

आम्ही जीप तपासली, त्याचं घर तपासलं, गावातल्या औषध दुकानांत विचारपूस केली. काही मिळालं नाही. हवालदार म्हणाले, "सर, करणी-बिरणी तर नाही?" मी नुसतं पाहिलं तेव्हा म्हणाले, "नाही, सगळ्या बाजूंनी विचार करावा म्हणून."

तो रोज सकाळी येऊन ठाण्यातल्या बाकड्यावर बसायचा आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघायचो. चौकशीत प्रश्नांपेक्षा बघण्याचा उपयोग जास्त होतो, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना नेहमी सांगत आलोय. सकाळी हा पेंगत यायचा. उन्हं वर आली की माणसात यायचा. दुपारी घरून डबा यायचा, तो खाल्ला की थोड्या वेळात परत मान खाली. हवालदार म्हणत, "जेवल्यावर सुस्ती येते सर, मला पण येते." येते, पण हवालदारांना खुर्चीतून खाली पडण्याइतकी येत नव्हती.

मग एकादशी आली. माळकरी माणूस, कडक उपवास. घरचं अन्न तोंडात घातलं नाही. बाजारातली केळी आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यावर दिवस काढला. आणि त्या दिवशी गडी असा तरतरीत की विचारू नका. ठाण्याचं आवार झाडलं, रोपांना पाणी घातलं, टायरमध्ये हवा किती असावी यावरून हवालदारांशी हुज्जत घातली. संध्याकाळी मात्र त्याचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम आला आणि उगाचच चिडचिड करायला लागला.

"उपवासानं होतं असं," हवालदार म्हणाले.

"अहो, माझ्या आईनं जन्मभर उपवास केले. उपाशी माणूस मलूल होतो. हा खाल्ल्यावर झोपतो आणि उपाशी असला की झाडू मारतो. हे उलटं कसं?"

हवालदारांनी कोपऱ्यातल्या बाकड्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "डबा."

कोठडीतल्या आरोपीला घरचा डबा द्यायचा असेल तर आमच्या ठाण्यात एक रीत होती. डबा आणणाऱ्यानं पहाऱ्यावरच्या शिपायासमोर प्रत्येक पदार्थातला एक घास आधी स्वतः खायचा. हा माणूस कोठडीत नव्हता, म्हणून त्याच्या डब्याला ती रीत कोणी लावली नव्हती. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, उपवास सोडायचा म्हणून त्याची बायको स्वतः डबा घेऊन आली. नवऱ्याला मी हवालदारांबरोबर पोस्टात पाठवून दिलं आणि तिला आमच्या महिला अंमलदाराच्या टेबलाशी बसवलं.

"ताई, इथली पद्धत आहे," अंमलदार बाई म्हणाल्या. "सगळ्यातलं थोडं थोडं खाऊन दाखवा."

बाईनं भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला. ठेचा चाटला. भात खाल्ला. घेवड्याच्या कालवणाचा डबा तसाच राहिला.

"आणि कालवण?"

"माझी भूक मेलीया आवं."

"एक घास फक्त."

तिनं डबा उचलला, तोंडाजवळ नेला. तिचा हात तिथंच थांबला. मग ती उठली, मोरीशी गेली आणि सगळं कालवण ओतून दिलं. परत येऊन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी दारातून बघत होतो. विष, हाच शब्द माझ्या डोक्यात पहिला आला, खोटं कशाला सांगू?

"सायेब, ईख न्हाई त्यात!" माझं तोंड बघूनच तिनं ओळखलं असावं. "दारू सुटायचं औषध हाय. माझ्या लेकीची आण!"

मग तिनं सगळं सांगितलं. शेजारच्या तालुक्यातल्या आठवडी बाजारात एक माणूस गाडीवर कर्णा लावून बसायचा. न सांगता दारू सोडवा, अशी त्याची आरोळी. नवऱ्यानं शिंगणापुरात शपथ घेतली खरी, पण अशा शपथा हिनं आधीही ऐकल्या होत्या आणि चार दिवसांत मोडलेल्या पाहिल्या होत्या. या वेळी तिनं पुडी आणली आणि कालवणातून चिमूटभर द्यायला लागली. विकणाऱ्यानं दोन अटी घातल्या होत्या. बंद केलं तर माणूस दुप्पट पितो. आणि खाणाऱ्याला कळलं तर गुण जातो.

"म्हनून म्या कुनाला बोलले न्हाई," ती म्हणाली. "आईला न्हाई, पोरीला न्हाई. समदी त्येंच्या माळंला हात जोडायची आन म्या गप बसायची. म्हनलं, माळंचं नाव होऊ दे. दारू सुटल्याशी कारन."

"मग आताच एवढी झोप का यायला लागली?"

"चुलतभावाच्या हळदीवरनं आलं तवा अंगाला वास मारत हुता सायेब. म्हनलं, परत लागली. मग येका चिमटीच्या दोन केल्या."

वास कसला ते मी नंतर नवऱ्याला विचारलं. हळदीला एक पाहुणा झिंगून पडला होता आणि यानं त्याला खांद्यावर टाकून घरी पोचवलं होतं. बायकोनं त्याला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ना कोकरं मेली असती, ना मला ही केस मिळाली असती.

तिच्याकडची उरलेली पुडी त्याच दिवशी औषध निरीक्षकांना दाखवली, तेव्हा सुंठेत कुटलेली झोपेची गोळी असावी असं ते म्हणाले. पुढच्या बाजारी त्यांना बरोबर घेऊन आम्ही साध्या वेशात गेलो. कर्णेवाला भाषण करत असतानाच ताब्यात घेतला. त्याच्या गाडीत झोपेच्या गोळ्यांची पाकिटं आणि खलबत्ता सापडला. गोळ्या कुटायच्या, सुंठेच्या पुडीत मिसळायच्या, झालं औषध. बाईला आरोपी करावं का यावर सरकारी वकिलांशी माझी बरीच चर्चा झाली. शेवटी तिला त्या भोंदूविरुद्ध साक्षीदार केलं आणि तिनं कोर्टात न डगमगता साक्ष दिली.

पण हे सगळं पुढचं. आधी नवऱ्याला सांगायचं होतं. "तुमी सांगू नगा," ती हात जोडून म्हणत होती. "त्येंला कळलं का गुण गेला. परत पितील." मी सांगितलं, "बाई, हे पोलिसानं सांगायचं काम नाही. तुम्हीच सांगा. मी बाहेर उभा राहतो."

आत काही बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. बायकोवर ओरडला नाही, हात उगारला नाही. मला म्हणाला, "म्हंजी सायेब, म्या सोडलीच न्हाई. हिनं सोडवली. दोन वरीस म्या उगंच मिरवलो गावात." आणि पायऱ्या उतरून चालायला लागला. हवालदार मागे धावले. गडी रस्त्यावर उभा राहून दारूच्या दुकानाकडे बघत होता. नुसता बघत होता, पण बघत होता.

हवालदार त्याला धरून ग्रामीण रुग्णालयात घेऊन आले. तिथं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन वर्षं रोज पोटात गेलेली ही गोळी एका दिवसात बंद करता येत नाही. एकदम तोडली तर माणसाला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. एकादशीच्या संध्याकाळचा थरथराट त्याचाच होता. उपचार केंद्रात ठेवून हळूहळू कमी करावी लागेल. म्हणजे इकडे गोळी चालू ठेवली तर गाडी चालवता येत नाही, तिकडे एकदम बंद केली तर जीव धोक्यात, आणि मनातून हा खचलेला. आता गेला तर पुरता जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

कायद्यात या गुन्ह्याला दंड आहे, कैद आहे. उपचाराला पाठवा असं त्या कलमात कुठं लिहिलेलं नाही. तेव्हा केंद्र शोधायचं काम माझं नव्हतंच. पण मी फोन फिरवायला बसलो आणि थक्क झालो. पहिल्या ठिकाणचा मालक म्हणाला, "पेशंट धिंगाणा घालतो का? घालत असला तर आमची पोरं गाडी घेऊन येतील, हातपाय बांधून नेतील." मी कोण बोलतोय ते सांगितल्यावर फोन कट झाला. त्या केंद्राची माहिती वरिष्ठांना कळवली ती वेगळी. दुसरीकडे म्हणाले, "दारू असेल तर बोला, गोळ्यांचं आमच्याकडे बघत नाहीत." तिसऱ्यानं गोड आवाजात विचारलं, "पेशंटची मानसिक तयारी आहे का?" मी म्हटलं, आपल्याला काही व्यसन आहे हेच त्याला आजवर माहीत नव्हतं. "मग तयारी झाली की फोन करा."

"आंबा आहे का तो, अढीत घालून पिकवायला?" मी ओरडलो. पण फोन ठेवल्यावर ओरडलो, एवढं भान होतं.

शेवटी सांगलीला असलेल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं एक नाव सुचवलं. तिकडे एक मानसोपचार तज्ज्ञ डॉक्टरबाई व्यसनमुक्तीचं छोटं केंद्र चालवत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "शेवटची गोळी कधी पोटात गेली?" मग म्हणाल्या, "तोवर ग्रामीण रुग्णालयातच डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा, मी त्यांच्याशी बोलते. उद्या सकाळी घेऊन या." माझ्या मानेवरचं ओझं अर्धं तिथंच उतरलं.

विट्यावरून आम्ही सांगलीला निघालो. मी, हवालदार, तो आणि त्याची बायको. नवरा-बायको मागच्या सीटवर दोन टोकांना. वाटेत एकदाच तो बोलला, "दारुड्यांच्यात ठेवणार व्हय मला?"

डॉक्टरबाई साध्या सुती साडीत, केस पिकलेले, बोलणं सडेतोड. त्यांनी पुडी हातात घेतली, औषध निरीक्षकांचं म्हणणं माझ्याकडून ऐकलं, मग त्याच्याकडे वळल्या. "बोला दादा. काय वाटतं?"

"काय वाटायचं? दारू हिच्या पुडीनं सुटली. आता पुडी बंद. म्हंजी परत लागंल."

"आणि तुम्हाला काय वाटतं ताई?"

"तसंच वाटतंय बाई." बायको पदरानं डोळे पुसत होती. "म्हनून तर जीव थाऱ्यावर न्हाई."

डॉक्टरबाईंनी पुडी टेबलावर ठेवली. "यात दारू सोडवणारं काहीही नाही. झोपेची गोळी आहे आणि सुंठ आहे. झोपेच्या गोळीनं दारू सुटत असती तर मी हे केंद्र कशाला काढलं असतं? उलट दारू आणि ही गोळी दोन्ही एकदम घेणारे माझ्याकडे भरती आहेत. दादा, तुमची दारू या पुडीनं सोडवली नाही. तुम्ही सोडलीत. गुंगी आणणारं औषध रोज पोटात जात असताना तुम्ही दोन वर्षं दारूला शिवला नाहीत."

"परत सांगा, बाई," तो म्हणाला.

"तुम्ही सोडलीत. तुमची तुम्ही."

तो बायकोकडे वळला. "आयकलंस का गं?"

"आयकलं," ती म्हणाली आणि हुंदका देऊन रडायला लागली. मग तोही रडला, मोठा गडी, खांदे हलवून. हवालदार भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पोलिसाला येतं, येत नाही असं नाही.

तो तिथं राहिला. गोळी थोडी थोडी कमी करत नेली. पहिले काही दिवस त्याला फार जड गेले, झोप नाही, अंगाला मुंग्या, सगळ्यांवर खेकसणं. मी दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचो. एकदा डॉक्टरबाई म्हणाल्या, "साहेब, तुमचा माणूस आता सकाळी सगळ्यांना अभंग म्हणायला लावतो. आवाज भसाडा आहे, पण लोक म्हणतात." तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

कोर्टात त्यानं काही लपवलं नाही. झाली तशी हकीकत सांगितली, उपचाराचं प्रमाणपत्र दाखल केलं. दंड झाला, परवाना काही काळ निलंबित झाला. मेंढपाळाला त्यानं स्वतःच्या घरची दोन कोकरं नेऊन दिली. म्हाताऱ्यानं शिव्या घालून घेतली, पण घेतली. माजी सैनिकानं आपली पुण्याची नोकरी थोडी लांबणीवर टाकली आणि निलंबन संपेपर्यंत जीप चालवली, म्हणून एकाही पोरीची शाळा बुडाली नाही.

परवाना परत मिळाल्यावर पहिल्या दिवशी मी मुद्दाम वस्तीवर गेलो. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. जीप उभी होती, ड्रायव्हर जागेवर बसलेला, हात स्टिअरिंगवर. पोरी दप्तरं घेऊन उभ्या, त्यांच्यामागे आईबाप. कोणी पुढे होईना. वाईट कोणी बोललं नाही, पण पाय उचलेना. लेकराचा प्रश्न असतो, त्यांना मी दोष देत नाही. तो समोर रस्त्याकडे बघत होता. मान वळवून माणसांकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात त्याची बायको घरातून आली. लेकीचा हात धरून सरळ जीपपाशी गेली, पुढचं दार उघडलं, लेकीला बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी चढून बसली.

"तू कुठं निगालीस?" तो म्हणाला.

"शाळंपातूर. चला की, वेळ झाला."

मग मागे मुली भराभर चढल्या. दोन मुलींच्या त्या आईनं आपल्या धाकटीला ढकललंच, "जा गं, चढ." जीप निघाली. धुरळा खाली बसेपर्यंत मी तिथं उभा होतो, आणि अंगातलं सगळं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

नशेत गाडी चालवणाऱ्याला पकडणं सोपं असतं. पकडल्यावर त्याला कुठे न्यायचं, हे मी तेव्हा शिकलो. त्यानंतरच्या थोड्या दिवसांतही जो कोणी नशेत गाडी चालवताना सापडला, त्याला गुन्हा नोंदवल्यावर मी आधी विचारायचो, "घरी कोण आहे? त्यांना बोलव." आणि घरच्यांना समोर बसवून केंद्राचा पत्ता द्यायचो. पत्ता माहीत नसतो म्हणून माणसं पुड्या आणतात, अंगारे आणतात, आणि एकमेकांशी बोलायचं तेवढं राहून जातं. त्या बाईचा नवरा दोन वर्षांपूर्वीच सुटला होता. भीतीतून सुटायची ती राहिली होती, आणि त्या सकाळी जीपमध्ये चढली तेव्हा तीही सुटली.